‘स्वीकारा’ कोणी दाबायचं?

कनेरगाव नाक्यावर अकोला–नांदेड रस्त्याच्या कडेला माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र आणि लाइट गेली की कामाला येणारा इन्व्हर्टर. एकीकडे हिंगोली, दुसरीकडे वाशिम. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्यामुळे माझ्याकडे ‘काय करायलीस’ म्हणणारेही येतात आणि ‘काय करून राह्यली’ म्हणणारेही. सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला, सीईटीचा अर्ज, पोलीस भरतीचा अर्ज, बँकेचं केवायसी. सगळं आता वेबसाइटवरून होतं, आणि वेबसाइट चालवायला बहुतेकांना माझ्यासारखं कोणीतरी लागतं.

हे काम चालतं कसं, ते आधी सांगते. माणूस समोर बसतो, कागदांची पिशवी पुढे करतो, मोबाइल काढून माझ्या हातात देतो. ओटीपी मी वाचते आणि मीच टाकते. खाजगी कंपनीची वेबसाइट असेल, म्हणजे ट्रॅक्टरची, विम्याची, क्लासची, दवाखान्याची, तर उघडल्याबरोबर खालून एक पट्टी वर येते. मजकूर इंग्रजी. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण मोठं आणि रंगीत. ‘पर्याय बदला’ बारीक करड्या अक्षरांत. समोरच्या काकांना ती पट्टी दिसतही नाही. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे असते, ‘झालं का ताई?’ म्हणून. पट्टी बाजूला केल्याशिवाय फॉर्म दिसत नाही, मागे माणसं उभी असतात, आणि गावोगावच्या केंद्रांवर चालकाचं बोट आपोआप मोठ्या बटणावर जातं. नोंद मात्र होते ती त्या काकांनी संमती दिल्याची.

या पट्टीकडे माझं लक्ष गेलं ते एका बाईमुळे. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नव्हतं. दुपारी गर्दी नसताना आली आणि एका शहरातल्या दवाखान्याची वेबसाइट उघडून द्यायला सांगितली. डॉक्टर कोण, खर्च किती, कोणत्या वारी भेटतात, हे तिनं हळू आवाजात विचारलं, मी वाचून दाखवलं, ती गेली. संध्याकाळी तिच्याच गल्लीतले एक काका त्याच कॉम्प्युटरवर हळदीचे भाव बघायला बसले. बातम्यांच्या एका वेबसाइटवर भावांच्या बाजूला जाहिरात आली: अपत्यप्राप्तीचे उपचार, हसरं बाळ, खाली दवाखान्याचं नाव. काकांनी तिकडं लक्ष दिलं नाही. मागं उभ्या असलेल्या एकीनं मात्र विचारलं, “हे कोन पाह्यलं वो इथं?” मी जाहिरात बंद केली आणि विषय बदलला. पण त्या बाईनं आवाज खाली ठेवून जे विचारलं होतं, ते कॉम्प्युटरनं संध्याकाळपर्यंत जपून ठेवलं होतं आणि भलत्याच माणसांसमोर मांडलं होतं. माझ्या गावात एवढ्यावरून बाईचं जगणं अवघड होऊ शकतं. त्या रात्री मी हे होतं कसं, ते वाचायला बसले.

कुकी ही काही मोठी गोष्ट नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण प्रोग्रामरनं ती काढली. वेबसाइटला आधीचं काही आठवत नसे. एक पान उलटलं की पाहुणा नवा. म्हणून त्यानं अशी सोय केली की वेबसाइटनं आपल्या ब्राउझरला छोटी नोंद ठेवायला द्यायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझरनं ती नोंद परत दाखवायची. बचत गटाच्या बायकांना मी पुढे हे असं सांगितलं: समजा दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या खिशात चिठ्ठी ठेवली. ‘हिच्या पिशवीत दोन किलो हळद आहे’ एवढंच त्या चिठ्ठीवर असेल, तर ती गिऱ्हाइकाच्याच कामाची. पण चिठ्ठी तिसऱ्याच माणसाची असेल, आणि तो माणूस बाजारातल्या प्रत्येक दुकानात उभा राहून तीच चिठ्ठी वाचत असेल, तर ही बाई कुठं कुठं गेली, काय बघितलं, कशापाशी थांबली, हे सगळं त्याला कळतं. माझ्या केंद्रात दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी होती. दवाखान्याच्या पानावर आणि बातम्यांच्या पानावर जाहिरातवाली कंपनी एकच. तिच्या दृष्टीनं माझा कॉम्प्युटर म्हणजे एकच माणूस, आणि त्या एका माणसात पंचक्रोशीतली सगळी माणसं मिसळलेली.

त्याच सुमारास आमच्या गटाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडं आलं. हिंगोली जिल्ह्यात हळद किती पिकते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही; हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये हंगामात गाड्यांच्या रांगा लागतात. आमच्या गटातल्या बायका आपल्याच शेतातली हळद शिजवून, वाळवून, दळून पुड्या भरतात. बाजारात कच्च्या हळदीला मिळतो त्यापेक्षा पुडीला भाव बरा. कोणीतरी एक तयार वेबसाइट करून दिली होती, वर्डप्रेसवर, दुकानाच्या प्लगइनसह, आणि ती सांभाळायला मला दिली.

मी पहिल्यांदा कीबोर्डवरचं एफ १२ दाबलं. क्रोममध्ये त्यानं एक खिडकी उघडते आणि वेबसाइटनं ब्राउझरमध्ये काय काय ठेवलं ते नाव, मुदत आणि मालक यांसकट दिसतं. ही खिडकी ज्याची वेबसाइट आहे त्या प्रत्येकानं एकदा तरी उघडून बघावी, असं मला फार वाटतं. दुकानाच्या प्लगइनची पिशवीची कुकी होती, दोन दिवसांची. ऑर्डर पाहण्यासाठी लॉगिन केलं की लॉगिनची. इथपर्यंत ठीक. त्यापुढं गूगल ॲनालिटिक्सची एक, मुदत दोन वर्षं. फेसबुकच्या जाहिरात पिक्सेलची एक, मुदत ९० दिवस. हळद शिजवतानाचा एक व्हिडिओ पानावर लावलेला होता, त्याच्यासोबत यूट्यूबचं आलेलं वेगळंच. वेबसाइट करून देणाऱ्यानं हे सगळं सवयीनं लावलं होतं. गटातल्या कोणी मागितलं नव्हतं, आणि त्या आकड्यांकडं कोणी कधी बघितलंही नव्हतं.

पट्टी मात्र कुठंच नव्हती. ती लागते का, हा प्रश्न आला म्यूनिकहून. गटातल्या एका काकूंची मुलगी तिथं नोकरीला आहे. तिनं फोनवर सांगितलं, “इथल्या मराठी मंडळाला तुमची हळद पाहिजे. वेबसाइटवर युरोत किंमत टाका, जर्मनीला पाठवायची सोय ठेवा. पण आधी कुकीची संमती नीट घ्या, इथं त्याबाबतीत कडक आहे.” काकूंनी फोन माझ्याकडं दिला, “काय म्हनती ती, तूच बघ सूनबाई.”

जर्मनीत बसून कोणी आमची वेबसाइट उघडली, एवढ्यावरून युरोपचा कायदा आम्हाला लागू होत नाही. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. संघाबाहेरच्या दुकानालाही तो धरतो, पण ते दुकान तिथल्या माणसांना माल विकायला निघालं असेल किंवा तिथल्या माणसांच्या वागण्यावर पाळत ठेवत असेल तेव्हा. तिथलं चलन, तिथली भाषा, तिथं पोहोचवण्याची सोय या विकायला निघाल्याच्या खुणा. मराठी वेबसाइट, रुपयात भाव, पोहोच फक्त भारतात, असं असेल तर विक्रीच्या बाबतीत आपण त्याच्या बाहेर. युरोत किंमत टाकून तिकडं पाठवायची सोय ठेवली की आत.

कुकीचा नेमका नियम मात्र त्याहून जुना आहे. युरोपीय संघाचा २००२ चा एक निर्देश आहे, २००९ मध्ये तो बदलला. आधी नियम होता की माणसाला नकार देता आला पाहिजे. बदलानंतर झाला, आधी विचारा, मग ठेवा. माणसाच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर काही ठेवायचं किंवा तिथलं काही वाचायचं, तर त्याची संमती हवी. सूट दोनच गोष्टींना: संदेश इकडून तिकडे पोहोचवण्यापुरतं जे लागतं ते, आणि माणसानं स्वतःहून मागितलेल्या सेवेला ज्याच्यावाचून चालतच नाही ते. पिशवीची कुकी या सवलतीत बसते, कारण हळद पिशवीत टाकायचं गिऱ्हाइकानंच मागितलं. लॉगिन बसतं. ‘नको’ म्हटलेलं लक्षात ठेवायलाही एक कुकी लागते, तीही बसते. जाहिरातीचा पिक्सेल बसत नाही. त्याच्यावाचून हळद अगदी व्यवस्थित विकता येते. भेटी मोजणाऱ्या कुकीलाही साधारणपणे विचारावंच लागतं. फ्रान्सच्या नियामक संस्थेनं, सीएनआयएलनं, स्वतःपुरती मोजणी करणाऱ्यांना काही अटींवर सूट दिली आहे, एवढंच.

शिवाय संमती कशाला म्हणायचं, हेही तिथल्या न्यायालयानं ठरवून टाकलं आहे. प्लॅनेट ४९ नावाच्या जर्मन कंपनीनं बक्षिसाच्या सोडतीच्या पानावर कुकीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. नको असेल त्यानं ती काढायची. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं की ही संमती नव्हे. खूण माणसानं स्वतः करायला हवी, आणि कुकी किती दिवस राहणार, कोणा तिसऱ्याला वाचता येणार, हेही त्याला सांगायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये सीएनआयएलनं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: ‘हो’ एका क्लिकवर आणि ‘नको’ म्हणायला कित्येक. त्याच महिन्यात म्यूनिकच्या एका न्यायालयानं एका वेबसाइट चालवणाऱ्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, तीही कुकीसाठी नाही. पानावरची अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून यायची आणि त्यापायी पाहुण्याचा आयपी पत्ता न विचारता तिकडं जायचा, म्हणून. आमच्या वेबसाइटची मराठी अक्षरंही तशीच बाहेरून येत होती. मी ती फाइल उतरवून आमच्याच जागेवर ठेवली. फार वेळ लागला नाही.

मग मला आपल्या इथलं बघायचं होतं. जर्मनीत किती पुड्या जातील कोणास ठाऊक. आमचं गिऱ्हाईक पुण्यात, संभाजीनगरात, नांदेडात. आणि जिचं खाजगीपण माझ्या केंद्रात उघडं पडता पडता राहिलं, ती तर दोन गल्ल्या पलीकडं राहते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. पुढं न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये मसुदा दिला, २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागं घेतलं गेलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीबद्दलची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील.

या कायद्यात कुकीचं नाव कुठंही नाही. मी तो पुन्हा वाचला तेव्हा कळलं की त्याचा प्रश्नच वेगळा आहे. युरोपचा कुकीचा नियम विचारतो: माणसाच्या फोनवर काही ठेवलं का, काही वाचलं का? आपला कायदा विचारतो: या माहितीवरून माणूस ओळखू येतो का? येत असेल तर ती वैयक्तिक माहिती, आणि मग ती वापरायला एकतर संमती हवी किंवा कलम ७ मधलं एखादं कारण हवं. पिशवीची कुकी दोन दिवस एक आकडा ठेवते. त्या आकड्याला नाव नाही, गाव नाही. जाहिरात पिक्सेलचा आकडा मात्र फेसबुक खात्याशी जुळवता येतो, आणि त्या खात्यात बाईचं नाव, फोटो, नातेवाईक सगळं आहे. दोन्ही कुकीच. माझ्या समजुतीनं आपल्या कायद्याखाली दुसरीला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

कलम ७ मध्ये पहिलंच कारण आहे की माणसानं एखाद्या कामासाठी स्वतःहून माहिती दिली, तर त्या कामापुरती ती वापरता येते. कायद्यातच उदाहरण आहे: औषधाच्या दुकानात एक बाई पैसे देते, नंबर देते आणि पावती मोबाइलवर पाठवायला सांगते, दुकानानं पावती पाठवावी. आमच्या गिऱ्हाइकाचा पत्ता पार्सल पाठवायला वापरणं यात बसतं. तोच नंबर दिवाळीच्या ऑफर पाठवायला वापरणं बसत नाही. सरकारला दाखला, परवाना, अनुदान देण्यासाठी याच कलमात वेगळी वाट आहे. म्हणून केंद्रातलं बरंचसं सरकारी काम मुळात संमतीवर उभं नाही. ही वाट खाजगी वेबसाइटवाल्यांना लागू पडत नाही.

संमती कशी हवी ते कलम ६ सांगतं: मोकळेपणानं दिलेली, ठरावीक कामापुरती, समजून उमजून, कसलीही अट न घालता, आणि स्वतः काहीतरी कृती करून. दिलेली संमती मागं घेणं तितकंच सोपं असायला हवं. विचारणा साध्या भाषेत असावी, आणि इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय असावी. त्या बावीस भाषांत मराठी आहे. पुढं वाद झाला तर संमती रीतसर घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी घेणाऱ्यावर.

गटाच्या बैठकीत मी हे मांडलं. दंडाचा आकडा वाचला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर जास्तीत जास्त २५० कोटी, आणि इतर बऱ्याच चुकांना ५० कोटींपर्यंत. ही वरची मर्यादा आहे, चूक किती मोठी आणि नुकसान किती हे बघून या कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ ठरवेल, असं मी समजावलं; तरी खजिनदार वहिनींनी वही मिटून ठेवली. मला दंडाच्या भीतीनं कोणी काही करायला नको होतं. म्हणून कायद्यातलं दुसरं उदाहरण सांगितलं. एक माणूस फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारं ॲप घेतो. ॲप दोन गोष्टींची संमती मागतं: तब्येतीची माहिती वापरायची आणि फोनमधले सगळे नंबर बघायचे. तो दोन्हींना हो म्हणतो. कायदा म्हणतो, नंबरांची यादी डॉक्टरच्या सल्ल्याला लागतच नाही, म्हणून ती संमती धरायचीच नाही.

“हो म्हनला तरी?” अध्यक्ष काकूंनी विचारलं.

“हो म्हणाला तरी.”

“मग आपल्याला ते लोकं मोजायचं कशाला लागतं?”

त्यावर बराच वेळ बोलणं झालं. जाहिरातीचा पिक्सेल काढला तर पुण्या-मुंबईत जाहिरात केल्यावर कोणती जाहिरात लागू पडली ते कळणार नाही, हा मुद्दा एका धाकट्या मुलीनं काढला, आणि तो खरा होता. लहान दुकानाला प्रत्येक रुपया जपून टाकावा लागतो. शेवटी ठरलं की पिक्सेल आणि ॲनालिटिक्स दोन्ही काढायचे. जाहिरातीत सवलतीचा एक शब्द द्यायचा, प्रत्येक ठिकाणी वेगळा. गिऱ्हाइकानं ऑर्डर करताना तो लिहिला की कुठून आली ते आपोआप कळतं, आणि तिला काय सांगायचं ते तिच्या हातात राहतं. किती पानं उघडली गेली याची ढोबळ मोजणी आम्ही आमच्या सर्व्हरच्या नोंदींवरून करतो. आयपी पत्ते तिथून लवकर पुसले जातात. हे केल्यावर वेबसाइटवर विचारण्यासारखं एकच उरलं: हळद शिजवतानाचा तो व्हिडिओ.

व्हिडिओ आता आपोआप सुरू होत नाही. त्याच्या जागी एक चित्र आहे आणि त्यावर चार ओळी. त्या ओळी लिहायला मला कायदा वाचण्याइतकाच वेळ गेला. पहिला मसुदा घेऊन मी आमच्या आळीतल्या आजींकडं गेले. त्या वर्तमानपत्र अक्षर अक्षर लावून वाचतात. त्यांनी वाचलं आणि मला विचारलं, “नाही म्हनलं तं हळद देनार न्हाईत का?” माझ्या चार ओळींत ह्याचं उत्तरच नव्हतं. कायद्यातला ‘कसलीही अट न घालता’ हा भाग त्यांनी पहिल्या वाचनात पकडला होता. आता मजकूर असा आहे: ‘हा व्हिडिओ यूट्यूबवरून येतो. बघितलात तर यूट्यूब तुमच्या फोनवर खूण ठेवू शकतं. नाही बघितलात तरी खरेदी तशीच होईल. विचार बदलला तर पानाच्या तळाशी “माझी निवड” दाबा.’ खाली दोन बटणं, सारख्याच आकाराची, सारख्याच रंगाची: ‘बघायचा आहे’, ‘नको’. युरोतल्या किमती आम्ही अजून टाकलेल्या नाहीत. निर्यातीचे कागद वेगळे लागतात, ते झाल्यावर बघू.

केंद्रातही कामाची पद्धत बदलली. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मी ब्राउझरची पाहुण्यांची खिडकी उघडते. ती बंद केली की त्यातल्या कुकीज जातात. तिसऱ्या कंपन्यांच्या कुकीज सेटिंगमधून बंद केल्या आहेत. सफारी आणि फायरफॉक्स हे काम बरीच वर्षं आपणहून करताहेत. क्रोममध्ये त्या काढून टाकू असं गूगल कित्येक वर्षं सांगत होतं, पण २०२४ मध्ये त्यांनी तो बेत सोडला, म्हणून क्रोम वापरणाऱ्याला ते स्वतः करावं लागतं. आणि पट्टी आली की मी थांबते. कॉम्प्युटरचा पडदा समोरच्या माणसाकडं वळवते आणि सांगते, “हे लोक विचारतात, तुम्ही इथं काय काय बघता ते लिहून ठेवू का. हो म्हणू की नको?” आजवर हा प्रश्न विचारलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘नको’च म्हटलं आहे. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. एक मामा म्हणाले, “काहून ठेवाव त्याईनं? मी तं विम्याचं पाहाले आलो.” कलम ६ चा सगळा अर्थ त्यांच्या एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न विचारायची संधी माणसाला मिळावी एवढंच मला हवं आहे. वेळ जास्त लागतो, मागची माणसं कुरकुरतात, पण रांग पुढं सरकते.

ज्याचं अजून मला नीट जुळवता आलेलं नाही, ते मुलांचं. या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरायची तर आईवडिलांची, पडताळून बघता येईल अशी संमती हवी. त्याच्यावर पाळत ठेवणं, त्याला धरून जाहिराती दाखवणं याला बंदी आहे. शाळा-दवाखान्यांना काही मर्यादित सूट आहे. ही तरतूद मला मनापासून पटते. पण दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलगी बारावीला, सतरा वर्षांची, आजीजवळ राहिलेली. तिला एका खाजगी क्लासच्या वेबसाइटवर सराव परीक्षेला नाव नोंदवायचं असतं. आई-बाप फडात, फोन एकच, तो टोळीसोबत. आजीला स्वतःचा नंबर नाही. मी सरळ माझाच नंबर टाकून पालक म्हणून हो दाबावं, असं ती मुलगी सुचवते, आणि बाकीच्या केंद्रांवर तसं होतं हे तिला माहीत असतं. मी तिचा पालक नाही. म्हणून मी फॉर्म अर्धा भरून ठेवते, आणि रात्री टोळी कोपीवर परतल्यावर वडिलांचा फोन लागला की क्लासवाले काय मागताहेत ते त्यांना वाचून दाखवते. ते विचारतात, पैसे किती, आणि नंबर कोणाला देणार का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेबसाइटवर सापडत नाही. ते सापडत नाही असं मी त्यांना सांगते, आणि मग पुढं भरायचं की नाही ते तेच ठरवतात.